कासवावर माहितीपट करायचा, तर आधी जाळ्यापाशी बसा

समुद्रावरचा माझा पहिला माहितीपट अठरा मिनिटांचा होता. पहाटेचा किनारा, ओल्या वाळूवर पिल्लांच्या पावलांची नक्षी, लाटेत शिरणारं शेवटचं पिल्लू आणि पार्श्वभूमीला बासरी. मालवण तालुक्यातल्या एका गावात, देवळाच्या सभामंडपात चादर बांधून तो दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, "बरा झाला हा. पण जाळा फाटता ता खंय हा ह्याच्यात?"

मी गप्प झालो, कारण जाळं माझ्या फिल्ममध्ये कुठेच नव्हतं. कासव किनाऱ्यावर येतं तेव्हा त्याला जपणारी माणसं आता गावोगाव आहेत. खोल पाण्यात ते जाळ्यात अडकतं तेव्हा होडीवर फक्त तांडेल आणि खलाशी असतात. कासव जगणार की मरणार हे तिथे ठरतं, आणि मी तिथे गेलोच नव्हतो. त्या प्रश्नानंतर मी कामाची पद्धत बदलली. ती पद्धत इथे सांगतो. उदाहरण कोकणातल्या ऑलिव्ह रिडले कासवाचं घेतलं आहे. विषय प्रवाळाचा, कांदळवनाचा किंवा मोरी माशाचा असला, तरी बहुतेक पायऱ्या याच राहतील.

कुणासाठी, आणि पाहून त्याने काय करायचं?

कॅमेरा हातात घेण्याआधी वहीत एक वाक्य लिहा: "ही फिल्म पाहून अमुक माणूस तमुक गोष्ट करेल." "लोकांमध्ये जागृती होईल" असं लिहिलंत तर ते खोडा. लोक म्हणजे कोण? गिलनेटवाला (पाण्यात उभं जाळं लावणारा), ट्रॉलरवाला (पाण्याखालून जाळं ओढत नेणारा), पर्यटक, शाळेतली मुलं, वनखात्याचा अधिकारी? यातल्या प्रत्येकासाठी फिल्म वेगळी होते. पर्यटकाला सांगायचं असतं की घरट्यापाशी टॉर्च मारू नकोस. मच्छीमाराला ते सांगून काही उपयोग नाही.

फिल्ममुळे खरोखर काही बदलतं का, ही शंका मलाही होती. माईक पांडे यांनी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या व्हेल शार्कच्या शिकारीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. तो २००० साली आला आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत जागा मिळाली. आपल्याकडे असं संरक्षण मिळालेला हा पहिला मासा. पण मला त्यापुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. कायदा झाला, तरी किनाऱ्यावर त्याची माहिती पोचायला वेळ लागला. २००४ पासून तिथे मोठी मोहीम झाली. कथाकार मोरारी बापूंनी या माशाला माहेरी बाळंतपणाला येणाऱ्या लेकीची उपमा दिली. जाळं कापून मासा सोडणाऱ्याला भरपाई देण्याची सोय झाली. तेव्हा कुठे मच्छीमार स्वतः मासा सोडू लागले. म्हणजे एक फिल्म दिल्लीसाठी होती आणि दुसरं काम गुजरातमधल्या वेरावळच्या धक्क्यासाठी होतं. आपण कुठलं करतोय, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

माझं दुसऱ्या वेळचं वाक्य असं होतं: "जाळ्यात कासव आलं तर तांडेल ते सोडेल, मोबाईलवर चित्रीकरण करेल आणि जाळ्याच्या भरपाईचा अर्ज करेल." महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळ्याचं नुकसान झालं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची योजना आहे. सोडवल्याचा पुरावा म्हणून फोटो किंवा व्हिडिओ लागतो. गावात विचारलं, तर योजना ऐकलेले बरेच निघाले, पण अर्ज कसा करायचा हे माहीत असलेले थोडेच. फिल्मचा विषय मला तिथेच सापडला.

पहिल्या फेरीला कॅमेरा नको

निदान चार दिवस नुसते राहा. धक्क्यावर जा, लिलाव बघा, दुपारी जाळी विणत बसलेल्यांजवळ बसा. मोठा कॅमेरा दिसला की माणसं एक तर मुलाखत द्यायला लागतात किंवा उठून जातात. नुसतं बसलेल्या माणसाशी ती बोलतात.

या दिवसांत तीन गोष्टी जमवायच्या. पहिली म्हणजे गावातले शब्द. रापण, डोल, गिलनेट, पर्ससीन या जाळ्यांतला फरक तुम्हाला कळला नाही, तर निवेदनातली एक चूक सगळी फिल्म पाडते. रापण किनाऱ्यावरून ओढतात, त्यात आलेलं कासव बहुतेक वेळा जिवंत असतं आणि सोडता येतं. पाण्याखाली तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात कासवाला श्वासाला वर येता येत नाही. हा फरक न दाखवता "मासेमारीमुळे कासवं मरतात" म्हणणं रापणकरांवर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे गावाची जुनी दुखणी. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. स्थानिक मच्छीमारांचा त्याला पहिल्यापासून विरोध राहिला, कारण आपली रोजची मासेमारी बंद होईल ही भीती होती. तुम्ही तिथे जाऊन पहिल्याच वाक्यात "संवर्धन" म्हणालात, तर समोरच्याला "बंदी" ऐकू येतं. मी आता तो शब्द पहिल्या भेटीत वापरत नाही. "जाळ्यात कासव येतं तेव्हा काय करता?" एवढंच विचारतो.

तिसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण चित्रीकरणाचं सगळं वेळापत्रक यावर बसतं.

कोकणात जुनी माणसं तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सवासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने भरती. प्रत्येक किनाऱ्यावर थोडा फरक पडतो, पण अंदाज चुकत नाही. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यात किंवा ॲपवर बघा. रोज ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून काल सकाळी सातला मिळालेलं दृश्य आज सातला मिळत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप वर येतं आणि तितकंच मागे जातं. खडकांतली डबकी, कालवं, समुद्रफुलं टिपायची असतील तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी साधा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, चढउतार कमी, ओढ कमी. पाण्याखाली उतरायला तेच दिवस बरे.

वर्ष कसं मांडायचं

ऑलिव्ह रिडलेची मादी कोकणात साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येते. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात, म्हणून पिल्लांचं चित्रीकरण फेब्रुवारीनंतर एप्रिलपर्यंत, कधी मेमध्येही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढलेल्या, जाळ्यांची डागडुजी चाललेली आणि माणसं घरी, असे हे दिवस. मग नारळी पौर्णिमा.

त्यामुळे एका हंगामात फिल्म करायची तर ऑक्टोबरात पहिली फेरी, डिसेंबर-जानेवारीत होडीवरचं काम, मार्चमध्ये पिल्लं आणि जूनमध्ये निवांत मुलाखती. एकूण चित्रीकरणाचे दिवस वीसच्या वर जात नाहीत, पण ते आठ महिन्यांत पसरलेले असतात. सलग वीस दिवस जाऊन फिल्म उरकायचा प्रयत्न करू नका. तुम्हाला कासवाच्या वर्षाचा एकच तुकडा मिळेल.

परवानगी

राष्ट्रीय उद्यान किंवा अभयारण्याच्या हद्दीत चित्रीकरण करायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २८ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. अर्जात तारखा, माणसं, साधनं आणि काय टिपणार ते स्पष्ट लिहा आणि दोन-तीन महिने हाताशी ठेवा. अभयारण्याबाहेरच्या किनाऱ्यावरही कासव पहिल्या अनुसूचीतलं आहे, तेव्हा परिक्षेत्र वन अधिकारी, ग्रामपंचायत आणि गावातले कासवमित्र (घरटी राखणारे कार्यकर्ते) या तिघांना विचारल्याशिवाय घरट्यापाशी जायचं नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यासारख्या वास्तूत पुरातत्त्व खात्याची वेगळी परवानगी. सागरी पोलीस ठाण्यात आधीच एक पत्र देऊन ठेवलं, तर रात्री किनाऱ्यावर कुणी हटकत नाही.

ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर जागा कुठल्या रंगात येते ते पाहा. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत उडवता येतं. रत्नागिरी आणि चिपी या विमानतळांच्या आसपास बंधनं आहेत. कायद्यापलीकडचा माझा एक नियम: समुद्री गरुडाचं घरटं असलेल्या झाडाजवळ ड्रोन नाहीच, आणि पिल्लं समुद्राकडे जाताना त्यांच्या डोक्यावर ड्रोन नाहीच. दोन सेकंदांच्या दृश्यासाठी घरट्यावरचा पक्षी उडवणं मला पटत नाही.

साधनं थोडी, पण आवाज चांगला

चांगला मोबाईल, एक तिपाई आणि एक छोटा कॅमेरा यावर पंधरा मिनिटांची फिल्म होते. दोन फिल्टर मात्र घ्या. उजेड कमी करणारा एनडी, कारण वाळूवर दुपारी उजेड झेपत नाही. आणि पोलरायझर, कारण त्याने पाण्यावरची चकाकी कमी होऊन आतला तळ दिसतो. मोबाईलमध्ये २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्याने लिलावाच्या शेडमधल्या ट्यूबलाइट मग लुकलुकत नाहीत.

आवाजाकडे मात्र कानाडोळा करू नका. किनाऱ्यावरचा वारा मुलाखत खाऊन टाकतो. कॉलरचा माइक शर्टच्या आत, त्यावर केसाळ टोपी, आणि बोलणाऱ्याची पाठ वाऱ्याकडे. प्रत्येक जागी दोन मिनिटं कुणीही न बोलता नुसता आवाज टिपा: लाट, सुरूच्या बनातला वारा, जाळ्याच्या गोळ्यांचा खडखडाट, लिलावातले पुकारे. संकलनात हेच आवाज सांधे बुजवतात. बासरी मी आता वापरत नाही. खऱ्या लाटेचा आवाज असताना तिची गरजच पडली नाही.

खारट हवेची काळजी थोडक्यात: किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं पुसा आणि कोरडं करून सिलिका जेलच्या पिशव्यांसोबत ठेवा. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यावर दव धरतं. त्याला अर्धा तास बॅगेतच राहू द्या.

किनाऱ्यावर, रात्री आणि पहाटे

रात्री अंडी घालायला आलेली मादी उजेड दिसला की परत फिरू शकते. तिच्यावर टॉर्च, फ्लॅश, एलईडी पॅनेल काहीही मारायचं नाही. ऑटोफोकससाठी कॅमेऱ्यातून आपोआप पडणारा छोटा लाल किंवा पांढरा किरणही सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि स्क्रीनचा उजेड सर्वांत खाली आणा. अंधारात चित्र मिळालं नाही तर नाही. मी ते प्रसंग आवाजावर दाखवतो. वाळू खणणाऱ्या वल्ह्यांचा आवाज, कासवमित्राचा श्वास आणि काळा पडदा. प्रेक्षक त्या काळोखात जास्त सावध होऊन बसतो.

सकाळी मादीच्या येण्या-जाण्याच्या खुणा वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारख्या दिसतात. कोवळ्या तिरप्या उन्हात त्या उत्तम येतात, म्हणून उजाडल्यावर पहिली वीस मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. कासवमित्र अंडी कुंपण घातलेल्या जागेत हलवतात तेव्हा त्यांचे हात टिपा, पण त्यांना थांबवू नका, पुन्हा करायला सांगू नका. अंडी ठरलेल्या वेळेत, न उलटता हलवायची असतात. तुमच्या दुसऱ्या टेकसाठी ती थांबणार नाहीत.

पिल्लं सोडतात ती पहाटे किंवा संध्याकाळी. पिल्लू आणि समुद्र यांच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. दोरीच्या मागे, बाजूला, कॅमेरा वाळूला टेकवून पोटावर झोपा. समोरून चेहरा हवा असेल तर छोटा कॅमेरा आधीच पुरून ठेवा आणि बाजूला व्हा. पिल्लू हातात धरून दाखवणारा शॉट घेऊ नका. तो पाहिलेला प्रत्येक पर्यटक पुढच्या वर्षी तेच मागतो. घरट्याची नेमकी जागा ओळखू येईल अशी खूण चित्रात ठेवू नका आणि मोबाईलचं लोकेशन बंद ठेवा.

वेळासला पाहायला जरूर जा. मंडणगड तालुक्यातलं हे गाव, नाना फडणवीसांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे काम सुरू केलं आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. घराघरांत पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय झाली आणि अंडी राखण्यातून गावाला उत्पन्न मिळू लागलं. पण तुमची फिल्म तिथेच करू नका. वेळासचं चित्रीकरण पुष्कळ झालं आहे. तुमच्या ओळखीच्या, कमी माहीत असलेल्या किनाऱ्यावर जा.

होडीवर

तांडेलाला आदल्या दिवशी भेटा. डिझेल आणि दिवसाची मजुरी तुम्ही द्यायची, आणि मिळालेली मासळी त्यांचीच. लाइफ जॅकेट घाला, पोटभर पण हलकं खाऊन चढा, नजर क्षितिजावर ठेवा. जिथे बसायला सांगतील तिथेच बसा. जाळं सुटताना दोराच्या वेटोळ्यात पाय गेला तर माणूस पाण्यात ओढला जातो.

झूम विसरा. रुंद लेन्स, कोपर बरगड्यांना टेकवलेले, गुडघे सैल. होडी हलते ती हलू द्या, फक्त क्षितिज फार तिरकं होऊ देऊ नका. इंजिन चालू असताना मुलाखत होत नाही. जाळं टाकून झालं की एक-दोन मिनिटं इंजिन बंद करायची विनंती करा आणि तेवढ्यात एकच प्रश्न विचारा.

जाळ्यात कासव येण्याची वाट पाहत तुम्ही दहा फेऱ्या मारल्या तरी ते येईलच असं नाही. मुद्दाम काही घडवून आणू नका. इथे मच्छीमारांचे मोबाईल कामाला येतात. भरपाईसाठी काढलेले व्हिडिओ त्यांच्याकडे असतात. थरथरणारे, उभे धरलेले, शिव्या आणि हसू दोन्ही असलेले. "धर रे, तेचा पाय अडाकलाहा" असं ओरडत जाळं कापणारा तरुण कुठल्याही सजवलेल्या दृश्यापेक्षा खरा आहे. ज्याचा व्हिडिओ त्याची लेखी संमती घ्या, नाव द्या, मोबदला द्या. माझ्या दुसऱ्या फिल्ममधली सर्वांत चांगली चाळीस सेकंदं अशीच मिळालेली आहेत.

पाण्याखाली, आणि तेही जमलं तरच

कोकणातलं पाणी अंदमानसारखं नितळ नसतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत थोडं बरं, पावसाळ्यानंतर लगेच तर गढूळच. म्हणून लांबचं दृश्य विसरा, वस्तूच्या हातभर जवळ जा. पहिल्या पाच-सहा मीटरांतच लाल रंग जातो आणि सगळं हिरवट दिसतं. पांढरी पाटी समोर धरून त्या खोलीवर व्हाइट बॅलन्स करा, म्हणजे कॅमेऱ्याला पांढरा रंग ओळखायला लावा. आधी डायव्हिंग नीट शिका, मग कॅमेरा. शरीर तरंगत ठेवता न येणारा छायाचित्रकार प्रवाळावर पाय देतो, आणि प्रवाळही पहिल्या अनुसूचीत आहे. पर्यटकांसाठी पाव टाकून जमवलेल्या माशांचा थवा "समृद्ध सागरी जीवन" म्हणून दाखवू नका.

आंग्रिया बँकेचं आकर्षण सगळ्यांना असतं. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं ते बुडालेलं पठार विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत आहे आणि त्याचा माथाच वीसेक मीटर खोल आहे. पहिल्या फिल्मसाठी ती जागा नाही.

माणसांशी बोलणं

मुलाखतीची सुरुवात कासवापासून करू नका. "तुम्ही पहिल्यांदा होडीवर गेलात तेव्हा किती वर्षांचे होतात?" असं विचारा. तारली, बांगडे, सुरमई तेव्हा किती आणि कुठे मिळायची, आता किती लांब जावं लागतं, जाळं शिवायला किती दिवस जातात, नवं घ्यायला काय खर्च येतो. या उत्तरांतून कासव आपोआप येतं. "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर येईल असा प्रश्न टाळा. उत्तर संपल्यावर पाच सेकंद गप्प राहा. खरं वाक्य बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतं.

बायकांना विसरू नका. मासळीचा लिलाव, विक्री आणि घरचा हिशेब त्यांच्याकडे असतो. जाळं फाटलं तर त्या महिन्यात कुठला खर्च राहिला, ते तांडेल सांगत नाही. त्याची बायको सांगते. मी एका काकींना धक्क्यावर विचारलं तेव्हा त्यांनी मुलीच्या कॉलेजच्या फीचा आकडा सांगितला. भरपाईची रक्कम त्यांच्या तोंडून ऐकताना प्रेक्षकाला तिचं वजन कळतं.

बोली बदलू नका. मालवणी माणसाला प्रमाण मराठीत बोलायला लावलं की तो वर्तमानपत्रासारखं बोलतो. खाली प्रमाण मराठीत अक्षरं द्या, आणि ती गावातल्याच कुणाकडून तपासून घ्या.

पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढणारं मोठं जाळं) आणि मासे खेचायला लावलेल्या एलईडी दिव्यांचा विषय निघणारच. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो संघर्ष किनाऱ्यावर अजून पेटता आहे. कुणी कॅमेऱ्यासमोर कुणाचं नाव घेतलं, तर फिल्म झाल्यावर त्याला त्याच धक्क्यावर राहायचं आहे हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा विचारा की हे ठेवू का. पंधरा मिनिटांत कासव आणि एलईडी दोन्ही मावत नाहीत. मी एलईडीचा भाग काढला, तो वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

तथ्यं तपासा

"हजारात एकच पिल्लू जगतं" हे वाक्य प्रत्येक कासवपटात असतं. तो ढोबळ अंदाज आहे, मोजणी नाही. वापरायचं तर "अंदाज आहे" असं म्हणा. आकड्यांसाठी वनखात्याचा कांदळवन कक्ष, भारतीय वन्यजीव संस्था आणि केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेचे अहवाल वाचा आणि निवेदनाचा मसुदा एका तरी अभ्यासकाला दाखवा.

आकड्यांपेक्षा प्रवास जास्त लक्षात राहतो. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग लावला आणि तिचं नाव 'प्रथमा' ठेवलं. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि ओडिशात २०२१ मध्ये पायाला पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली, सुमारे ३,५०० किलोमीटरचा फेरा करून. हा नकाशा पडद्यावर आला तेव्हा सभामंडपातली पोरं उठून पुढे आली. "आपल्या गावचं कासव" एवढंच नव्हे तर ते कुणाकुणाच्या जाळ्याजवळून गेलं असेल, हे त्यांना दिसलं.

संकलन

रोज रात्री दोन ठिकाणी प्रत काढा आणि तिसरी दुसऱ्या घरी ठेवा. सगळ्या मुलाखती कागदावर उतरवून काढा, वेळेच्या नोंदीसह. मग कात्री घेऊन वाक्यं कापा आणि जमिनीवर मांडा. संगणकावर बसण्याआधी फिल्म जमिनीवर दिसली पाहिजे. सुरुवात फाटलेल्या जाळ्यापासून करा, पिल्लं शेवटच्या तिसऱ्या भागात येऊ द्या. निवेदन जितकं कमी तितकं बरं. चित्रात जे दिसतंय ते शब्दांत पुन्हा सांगू नका. बारा-पंधरा मिनिटांची एक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल अशी तीन मिनिटांची दुसरी, अशा दोन प्रती करा. तीन मिनिटांच्या प्रतीत अक्षरं मोठी हवीत, कारण ती होडीवर, उन्हात, इंजिनाच्या आवाजात पाहिली जाते.

पहिला खेळ गावात

कच्ची प्रत आधी फिल्ममधल्या माणसांना दाखवा. त्यांना खटकलेलं वाक्य काढून टाका, मग ते कितीही चांगलं असलं तरी. नंतर गावचा खेळ. जून-जुलैच्या बंदीत सगळे घरी असतात. पाऊस असतो, म्हणून सभामंडप किंवा शाळेचा हॉल घ्या, वीज जाईल हे धरून जनरेटरची सोय ठेवा. मच्छीमार सहकारी सोसायटीने बोलावणं केलं तर गर्दी होते, तुमच्या नावाने होत नाही. मत्स्यव्यवसाय आणि वनखात्याचे स्थानिक अधिकारी बोलवा, पण भाषण फिल्मनंतर ठेवा.

महोत्सव त्यानंतर. मुंबईचा आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सव आणि किर्लोस्कर वसुंधरा महोत्सव यांच्या प्रवेशाच्या तारखा आधीच पाहून ठेवा. चित्रपटगृहात जाहीर खेळ करायचा तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं.

फिल्मचा परिणाम मोजण्याची माझी रीत साधी आहे. खेळाआधी सोसायटीत विचारायचं की भरपाईचा अर्ज किती जणांनी केला आहे. पुढच्या हंगामाअखेर तोच प्रश्न पुन्हा. टाळ्या आणि व्ह्यूज मी वहीत लिहीत नाही.

दुसऱ्या फिल्मच्या शेवटी मी एक पान टाकलं होतं: अर्ज कुठे द्यायचा, सोबत कुठले कागद जोडायचे, व्हिडिओत काय दिसायला हवं, आणि वनखात्याचा १९२६ हा मदतीचा क्रमांक. ते पान पडद्यावर चार सेकंद राहिलं. मागून आवाज आला, "थांबव, थांबव." फिल्म मागे घेतली, चित्र थांबवलं आणि वीस-पंचवीस मोबाईल वर झाले, त्या पानाचा फोटो काढायला. खांबाजवळच्या तांडेलांनी नातवाकडून ते मोठ्याने वाचून घेतलं. तेव्हापासून ते पान मी पूर्ण वीस सेकंद ठेवतो, काळ्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत, संगीताशिवाय.